आधी गळ बघा, मग रॉड: बास मासेमारीत ल्युअरला साजेसा रॉड आणि रील कसा निवडायचा

तळहातावर दोन ल्युअर, म्हणजे खोटी आमिषं, शेजारी शेजारी ठेवा. पहिलं क्रँकबेट: प्लास्टिकचा किंवा बाल्सा लाकडाचा छोटा मासा, हनुवटीला पारदर्शक पट्टी, पोटाखाली लोंबणारे दोन बारीक गळ आणि प्रत्येक गळाला तीन टोकं. दुसरं जिग: शिशाच्या डोक्यात ओतून बसवलेला एकच जाड गळ आणि वर रबरी धाग्यांची झालर. दोन्हींचं वजन अर्धा औंस, म्हणजे १४ ग्रॅम. तराजूला दोन्ही सारखीच, पण जिगसाठी घेतलेल्या ताठ रॉडवर क्रँकबेट ओढलंत तर लागलेला मासा बोटीपाशी येऊन सुटतो. क्रँकबेटच्या मऊ रॉडवर जिग लावलंत तर मासा ते तोंडात घेतो, थुंकतो आणि गळ रुततच नाही.

मी डॅलसला राहतो. इथून पूर्वेला दीडेक तासावर लेक फोर्क आहे. १९८० मध्ये धरण बांधून झालेला, सुमारे २७,००० एकरांचा हा तलाव. पाण्याखाली गेलेल्या झाडांचे खुंट आजही जागोजागी वर डोकावतात. टेक्सासचा विक्रमी लार्जमाउथ बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ च्या जानेवारीत इथेच लागला. दर वसंतात ओळखीतलं कुणीतरी मराठी माणूस विचारतं, "बाससाठी कुठला रॉड घेऊ?" मी उलट विचारतो, "टोकाला काय बांधणार?" या प्रश्नाचं उत्तर ठरलं की रॉड, रील आणि लाइन जवळजवळ आपोआप ठरतात, म्हणूनच ते इथे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. आपल्या खाडीतल्या जिताड्यालाही इंग्रजीत सी बास म्हणतात, पण त्याचा या बासशी नात्याचा संबंध नाही. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. तो भक्ष्याचा चावा घेत नाही. दबा धरून बसतो, जवळ आलेल्या भक्ष्यासमोर भलंमोठं तोंड क्षणात उघडतो आणि आत घुसणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्यही ओढून घेतो. ल्युअर आवडलं नाही तर तितक्याच चपळाईने बाहेर फेकतो. ल्युअर आत जाणं आणि बाहेर येणं यांमध्ये जो क्षण मिळतो, त्यात काय घडतं हे तुमच्या रॉडवर अवलंबून असतं.

ताण कोण झेलणार?

लहानपणी मी रेवदंड्याच्या खाडीत हातात तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, धरून गरवायला बसायचो. रॉड नाही, रील नाही. मोठा मासा जोरात ओढायला लागला की बोटं सैल सोडायची, थांबला की पुन्हा आवळायची. न सोडता धरून बसणाऱ्याचा एक तर दोरा तुटायचा किंवा माशाचा ओठ फाटायचा. बासच्या रॉड-रीलमागचं तत्त्व नेमकं हेच आहे. माशाच्या ओठापासून आपल्या मनगटापर्यंत एक साखळी असते: गळ, लाइन, रॉड आणि रीलमधला ड्रॅग, म्हणजे ठरावीक जोर पडला की लाइन सुटू देणारी सोय. माशाने हिसका दिला की यातल्या कुठल्या तरी कडीने नमतं घ्यायला हवं. किती नमतं घ्यायचं, हे गळाच्या जाडीवर ठरतं.

तीन टोकांचा गळ बारीक तारेचा असतो. टोकं उघडी असल्याने नुसत्या ओढीनेही रुततो, पण त्याची पकड उथळ. हिसका बसला की ओठातलं भोक मोठं होतं किंवा तारच सरळ होते. म्हणून त्याच्यामागची साखळी मऊ हवी. जिगचा किंवा रबरी अळीचा एकेरी गळ जाड असतो आणि बरेचदा रबरात लपवलेला असतो. त्याला आधी रबरातून बाहेर यायचं, मग माशाच्या कडक जबड्यात शिरायचं. नुसत्या ओढीने ते होत नाही, जोरकस झटका लागतो. म्हणून त्याच्यामागची साखळी ताठ हवी. एकदा रुतला की मात्र हा गळ सहसा सुटत नाही.

ल्युअर हातात घेतल्यावर म्हणूनच मी तीन गोष्टी बघतो. वजन किती, गळ बारीक की जाड, आणि ते फिरणार कुठे, मोकळ्या पाण्यात की गवत आणि खुंटांमध्ये.

रॉडवरची अक्षरं

मुठीच्या जरा वर रॉडवर बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं. उदाहरणार्थ: ७ फूट, एमएच, फास्ट, लाइन १२–२० पौंड, ल्युअर १/४–१ औंस. लाइनचे पौंड म्हणजे ती किती ताण सोसते तो आकडा. यातलं एमएच म्हणजे मीडियम हेवी, ही झाली रॉडची पॉवर. रॉड वाकवायला किती जोर लागतो ते ती सांगते. फास्ट ही ॲक्शन. रॉड कुठे वाकतो ते तिच्यावरून कळतं. फास्ट रॉड फक्त शेंड्याकडे वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. मॉडरेट रॉड जवळजवळ मध्यापर्यंत कमानीसारखा वाकतो. नवखे लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. ताकदवान रॉडही मॉडरेट असू शकतो आणि हलका रॉडही फास्ट.

पॉवरची व्याख्या कंपनीगणिक बदलते. एकीचा मीडियम हेवी म्हणजे दुसरीचा हेवी. त्यामुळे शब्दांपेक्षा ल्युअरच्या वजनाचा आकडा बघावा, आणि त्यातही त्या पट्ट्याचा मधला भाग. १/४ ते १ औंस लिहिलेल्या रॉडवर ३/८ ते ३/४ औंसाची, म्हणजे साधारण १० ते २१ ग्रॅमची ल्युअर सगळ्यात सुखाने फेकली जातात.

फेकताना काय होतं बघा. रॉड मागे नेऊन पुढे आणता तेव्हा ल्युअरच्या वजनाने तो मागे वाकतो आणि धनुष्यासारखा सुटतो. ल्युअर फार हलकं असेल तर रॉड वाकतच नाही. सगळा जोर तुमच्या हातातून झटक्याने येतो, ल्युअर जवळच पडतं आणि रीलमध्ये गुंता होतो.

गुंता का होतो

बेटकास्टिंग रील म्हणजे आडव्या स्पूलचं रील. स्पूल म्हणजे लाइन गुंडाळलेली चकरी. फेकताना स्पूल स्वतः फिरतो. याचा उगम केंटकीतला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिस नावाच्या तिथल्या गावात जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने दातेरी चाकं बसवून असं रील बनवलं, ज्यात हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल अनेक फेरे घेई. जिवंत छोटे मासे आमिष म्हणून बासला फेकायला ते वापरत, म्हणून नाव बेटकास्टिंग. घड्याळातल्या चाकांचं ते गणित आजच्या रीलवर गिअर रेशो म्हणून छापलेलं असतं.

ल्युअर हवेत सुटतं तेव्हा स्पूल वेगाने फिरू लागतो. हवेच्या विरोधाने ल्युअर मंदावतं, पण स्पूलला ते कळत नाही. भोवऱ्यासारखा तो आपल्याच गतीत फिरत राहतो, बाहेर जाते त्याहून जास्त लाइन सोडतो आणि वळ्यांवर वळी चढतात. अमेरिकेत याला पक्ष्याचं घरटं म्हणतात.

स्पूलला आवरायला तीन गोष्टी आहेत. हँडलच्या बाजूचा छोटा नॉब, त्याने स्पूलच्या दांड्यावर दाब येतो. दुसऱ्या बाजूचे ब्रेक, ते चुंबकीय किंवा सेंट्रिफ्यूगल असतात. आणि तुमचा अंगठा. चुंबक ॲल्युमिनियमच्या स्पूलला चिकटत नाही, पण चुंबकासमोर धातू फिरला की त्यात विद्युतप्रवाह उठतो आणि तो प्रवाहच फिरण्याला विरोध करतो. सेंट्रिफ्यूगल ब्रेकमध्ये छोट्या गुट्ट्या असतात. स्पूल वेगात आला की त्या बाहेर सरकून कड्यावर घासतात. वेग दुप्पट झाला तर त्यांचा दाब चौपट होतो, म्हणून फेकीच्या सुरुवातीला त्या जोरात धरतात आणि नंतर लवकर मोकळं सोडतात. चुंबकीय ब्रेकची पकड त्या मानाने शेवटपर्यंत टिकते. वाऱ्याच्या विरुद्ध फेकताना किंवा नव्या हाताला मला ती बरी वाटते.

ल्युअर बदललं की हे सगळं पुन्हा लावायचं. ल्युअर रॉडच्या टोकाला लटकवा, अंगठ्याखालचं बटण दाबा. ते सावकाश खाली जायला हवं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबायला हवा. तोवर नॉब फिरवा. ब्रेक सुरुवातीला जास्त ठेवा, दहा-बारा फेकींनंतर एकेक घर कमी करा. ल्युअर पाण्याला टेकण्याच्या आधी अंगठा स्पूलवर हलकेच ठेवा. ही सवय लागली की निम्मे गुंते संपतात.

गिअर रेशो: सायकलचा गिअर आठवा

६.३:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल ६.३ फेरे घेतो. लाइनने भरलेला स्पूल ३३ मिलिमीटर व्यासाचा धरला तर एका फेऱ्यात साधारण ६५ सेंटिमीटर लाइन आत येते. त्याच स्पूलवर ५.४:१ रील ५६ सेंटिमीटर आणि ८.१:१ रील ८४ सेंटिमीटर ओढतं.

"वेगवान रील घेऊन हळू फिरवलं तर?" हा प्रश्न मला नेहमी येतो. हलक्या ल्युअरला ते चालतं. पण घाटात सायकल वरच्या गिअरवर टाकून हळू चालवून बघा, मांड्या भरून येतात. २० फूट खोल जाणारं क्रँकबेट पाण्याला इतका विरोध करतं की ८:१ च्या रीलने तासाभरात मनगट दुखू लागतं आणि वेगही एकसारखा राहत नाही. ५:१ च्या आसपासचं रील तेच काम सहज करतं. उलट, जिग तळावर रॉडनेच हलवायचं असतं. रीलला फक्त सैल लाइन गोळा करायची असते, आणि मासा तुमच्याच दिशेने पोहत आला तर ती झपाट्याने गोळा व्हायला हवी. तिथे ७:१ किंवा ८:१.

आता ल्युअर एकेक करून

क्रँकबेटपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त मासे चुकीच्या रॉडमुळे इथेच गमावले जातात. उथळ पाण्यातल्या चौकोनी पट्टीच्या क्रँकबेटला ७ फुटी, मीडियम किंवा मीडियम हेवी पण मॉडरेट ॲक्शनचा रॉड. फायबरग्लास किंवा ग्लास-कार्बन मिश्रणाचा असेल तर उत्तम, कारण ग्लास उशिरा प्रतिसाद देतो आणि इथे उशीरच हवा असतो. बासने ल्युअर आत ओढलं की मऊ शेंडा त्याच्या मागे जातो आणि ल्युअर पुरतं तोंडात शिरतं. ताठ रॉडवर तुम्हाला चाहूल आधी लागते, तुम्ही दचकून हिसका देता आणि ल्युअर तोंडातून निसटतं. क्रँकबेटला झटका मारायचाच नसतो. फिरवत राहायचं आणि रॉड बाजूला झुकवायचा. खुंटाला आपटून ते तिरकं उसळतं, बहुतेकदा मासा त्याच वेळी झडप घालतो.

खोल जाणाऱ्या क्रँकबेटला लांब, साडेसात फूट किंवा त्याहून जास्त लांबीचा रॉड. लांब फेक हवी, कारण पूर्ण खोलीवर पोहोचायला ल्युअरला अंतर लागतं. लाइन बारीक, १० ते १२ पौंडांची फ्लुरोकार्बन, म्हणजे पाण्यात बुडणारी एकसंध प्लास्टिकची लाइन. जाड लाइन पाण्यात जास्त अडते आणि ल्युअर तितकं खोल जात नाही.

पट्टी नसलेलं, खुळखुळणारं लिपलेस क्रँकबेट मात्र गवतावरून ओढतात. ते अडकलं की झटक्याने सोडवायचं, आणि सुटताना त्याला मासा लागतो. म्हणून गळ बारीक असले तरी रॉड थोडा ताठ आणि रील ७:१ च्या आसपास. गळ मऊ साखळी मागतो, गवत ताठ मागतं, मधला मार्ग काढावा लागतो.

जिग आणि टेक्सास रिग यांचं गणित एकच आहे. टेक्सास रिग म्हणजे पुढे गोळीच्या आकाराचं वजन आणि गळाचं टोक रबरी अळीच्या अंगात परत खुपसलेलं, म्हणजे ते गवतात अडकत नाही. ७ फूट ते ७ फूट ३ इंच, मीडियम हेवी किंवा हेवी, फास्ट रॉड, १५ ते २० पौंडांची फ्लुरोकार्बन आणि ७:१ किंवा अधिक वेगाचं रील. हा रॉड हातातलं यंत्र कमी आणि कान जास्त असतो. खडी, चिखल, फांदी, सगळं बोटांना कळतं. माशाची चाहूल कधी हलक्या टिचकीसारखी येते, कधी नुसती लाइन बाजूला सरकू लागते. कळलं की सैल लाइन गोळा करा आणि जोरात झटका द्या.

रॉड आणखी जाड होतो तो फ्लिपिंगमध्ये. दाट गवतात किंवा झुडपात, दहा-पंधरा फुटांवर ल्युअर अलगद सोडायचं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डी थॉमसने हे तंत्र स्पर्धांमध्ये आणलं. साडेसात फूट किंवा जास्त लांबीचा हेवी रॉड, ५० ते ६५ पौंडांची ब्रेडेड, म्हणजे अनेक धागे विणून केलेली लाइन, ८:१ रील. गवताची जाड चटई भेदायला एक ते दीड औंसाचं टंगस्टनचं वजन लागतं. शिशापेक्षा टंगस्टन घन, त्यामुळे तेच वजन लहान आकारात मिळतं आणि गवतातून सरकतं. झटका मारताच माशाचं डोकं वर खेचायचं. त्याने बुंध्याला एक वेढा घातला की संपलं.

बेडूक हे माझं सगळ्यात आवडतं ल्युअर. पोकळ रबरी बेडूक, पाठीला चिकटून वर वळलेले दोन जाड गळ. महाराष्ट्रातल्या तळ्यांवर मरळ धरणारी हौशी मंडळी हाच बेडूक वापरतात आणि तंत्रही जवळजवळ तेच आहे. ७ फूट ते ७ फूट ४ इंच, हेवी फास्ट रॉड, ५० ते ६५ पौंडांची ब्रेडेड लाइन, ७:१ किंवा अधिक वेगाचं रील. ब्रेडेड ताणली जात नाही, पाण्यावर तरंगते आणि पाणवनस्पतींचे देठ कापत येते. इतकी जाड लाइन बघून लोक दबकतात, पण तुम्ही नुसता पाच पौंडांचा मासा ओढत नसता, त्याच्याभोवती गुंडाळलेलं दहा पौंड गवतही ओढत असता. पाणी उसळलं की लगेच हात उचलायचा नाही. रॉडचा शेंडा खाली न्यायचा, वजन जाणवेपर्यंत थांबायचं, मग पूर्ण अंगाने झटका. पाणी उसळताना हात आवरणं हे रॉड निवडण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

पृष्ठभागावर डावी-उजवीकडे डुलत जाणाऱ्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या ल्युअरला पुन्हा तीन टोकांचे गळ, म्हणून पुन्हा नमतं घेणारा रॉड. इथे लाइन जपून निवडा. फ्लुरोकार्बन बुडते आणि ल्युअरचं नाक खाली ओढते. १५ पौंडांच्या आसपासची साधी नायलॉनची तंगूस बुडायला फार वेळ घेते, थोडी ताणली जाते आणि गळाने ओठ फाटण्यापासून वाचवते.

स्पिनरबेट (तारेवर गरगर फिरणारी पाती असलेलं ल्युअर) आणि पात्याची जिग (डोक्यापुढे थरथरणारं पातं असलेली), या दोघांना एकेरी उघडा गळ असतो आणि ती सतत फिरवत ओढायची असतात. ७ फूट मीडियम हेवी, मॉडरेट फास्ट, १५ ते १७ पौंडांची लाइन, ६:१ ते ७:१ रील.

पाव औंसापेक्षा, म्हणजे ७ ग्रॅमपेक्षा हलक्या ल्युअरना बेटकास्टिंगचा हट्ट सोडावा. साधं स्पिनिंग रील तिथे चांगलं, कारण त्यात फेकताना स्पूल फिरत नाही. जपानी मासेमारांनी हलके, उथळ स्पूल वापरून तीन-चार ग्रॅमची ल्युअर फेकणारी बेटकास्टिंग रीलं घडवली आहेत आणि ती देखणी आहेत, पण पहिल्या खरेदीसाठी नव्हेत.

ड्रॅग

साखळीतली ही शेवटची कडी सगळ्यात दुर्लक्षित. हँडलजवळचं चांदणीसारखं चाक फिरवून मासा किती जोर लावल्यावर लाइन सुटेल ते ठरवता येतं. फ्लुरोकार्बनला लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे १२ पौंडांच्या लाइनला तीन ते चार पौंड. बेडूक आणि फ्लिपिंगला जवळजवळ पूर्ण आवळलेला. क्रँकबेटला त्यामानाने सैल, कारण उथळ रुतलेल्या गळावर बोटीपाशी माशाने मारलेली शेवटची मुसंडी त्यानेच झेलायची असते.

फार हलकं साहित्य वापरून मासा खेळवत बसण्याची हौस मला पटत नाही. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो. जुलैच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं दमवलेला मासा सोडल्यावर जगेलच असं नाही. जागेला पुरेल इतक्या जोराचा रॉड घेऊन त्याला लवकर जवळ आणणं ही त्याच्यावर दया आहे.

एकच घ्यायचा असेल तर

७ फूट, मीडियम हेवी, फास्ट रॉड, ल्युअर १/४ ते १ औंस. ७:१ च्या आसपासचं रील. १५ पौंडांची फ्लुरोकार्बन. जिग, टेक्सास रिग, स्पिनरबेट, सगळं यावर नीट चालतं. पृष्ठभागावरची ल्युअर थोडी तडजोड करून चालतात. खोल क्रँकबेट आणि गवतातला बेडूक मात्र यावर लावू नका. पैसे मोजकेच असतील तर रीलवर थोडे जास्त घाला, कारण मधल्या किमतीचा रॉड वर्षानुवर्षं काम देतो, पण खडबडीत ब्रेकचं रील शिकणाऱ्याचा धीर संपवतं.

दुसरा रॉड कुठला, ते पहिल्या हंगामानंतर ल्युअरचा डबा उघडून बघा. तीन टोकांच्या गळांची गर्दी झाली असेल तर मॉडरेट ॲक्शनचा ग्लास रॉड आणि ५ ते ६:१ चं रील. बेडूक आणि जड टंगस्टन जास्त दिसले तर हेवी रॉड आणि ६५ पौंडांची ब्रेडेड. दुकानात जाताना त्यातलं एक ल्युअर खिशात घेऊन जा, मात्र गळाच्या टोकांना कॉर्क खोचायला विसरू नका.